लायटीसाठी बसलेली

हिरॉईन येईपर्यंत तिच्या जागी
कुणीतरी बसावं लागतं.
त्याच दगडावर, मान तितकीच कलती ठेवून,
म्हणजे दिवे कुठं लावायचे ते ठरतं.
रंकाळ्यावर त्या हिवाळ्यात ती जागा शालनची होती.
शुक्रवार पेठेतली. रोजाचे चार रुपये, दुपारची मिसळ वेगळी.

मी पुठ्ठा धरायचो.
चंदेरी कागद डकवलेला, माझ्याएवढा उंच.
वारं सुटलं की पतंगासारखा ओढायचा संध्यामठाकडं.
कॅमेऱ्यामागनं दस्तगीरमामा ओरडायचे,
"कललाय लेका! उजेड तिच्या कानात चाललाय.
डोळ्यात आण."

डोळ्यात आण. एवढंच माझं काम.
बुबुळाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा एक ठिपका.
मामा म्हणायचे, तो नसला तर बाई नुसती बघते,
तो असला तर कुणाकडंतरी बघते.

मागनं एक दिवा, केसांची कड उजळायला,
त्यानं माणूस अंधारातनं सुटा होतो,
हात लावावा वाटण्याइतका.
गालावरचा उजेड बटर पेपरातनं यायचा,
काहिलीतली मळी काढल्यावर रस येतो तसा, निवळ.
लेन्सवर नायलॉनचा जुना पायमोजा ताणलेला.
मग शिवगोंडा टेप घेऊन यायचा,
तिच्या पापणीपासनं काचेपर्यंत
सात फूट चार इंच.
त्याला बोट तिथवर नेता यायचं.
मी बारा फुटांवर, पुठ्ठ्याआड.

तिनं माझं तोंडच बघितलेलं नव्हतं.
तिच्यासाठी मी म्हणजे एक चौकोनी ऊन
आणि त्याच्याखाली दोन कापशी चपला.

सगळं जमलं की मामा म्हणायचे, "ऊठ पोरी."
ती उठायची.
दगड तिच्या उबेचा, उजेड तिच्या मापाचा,
त्यात बाई येऊन बसायच्या.

हिरो त्या दिवशी पुण्याला गेलेला.
बाईंनी बघायचं कुठं, म्हणून
माझी मूठ वर धरायला लावली.
एका हातानं पुठ्ठा, दुसरी मूठ कानाशी.
ट्रॉली सरकत गेली, निजलेल्या पोराच्या पाळण्याकडं जावं तशी,
आणि बाई माझ्या मुठीकडं बघून
अशा लाजल्या
की शिवगोंडाचा हात क्षणभर फोकसवरच थांबला.

मी मात्र बघत होतो शालनकडं.
ती बाजूला बाभळीखाली शेंगा सोलत होती.
एकही दिवा नव्हता तिच्यावर.
तरी कड दिसत होती.

काय झालं मला सांगता येत नाही.
पुठ्ठा दोन बोटं वळला.
ऊन बाईंना सोडून सरळ बाभळीखाली गेलं.
"ए, डोळं दिपत्यात की!"
रीळ वाया गेलं, मामांनी माझा सगळा वंश काढला,
आणि शालननं डोळ्यांवर आडवा हात धरून
पहिल्यांदा पुठ्ठ्याच्या वरनं बघितलं.

पिक्चर आम्ही लक्ष्मीपुरीत बघितला.
लग्नाला दोन महिने झालेले.
पडद्यावर बाईंचा चौदा फुटी चेहरा, सगळं थेटर गप्प.
पुढच्या रांगेतला एक पैलवान फेट्याच्या शेवानं नाक पुसत होता.
मी हिच्या कानाशी वाकलो,
"तो उजेड तुझा हाय."
"गप बसा," ती म्हणाली, "बघू द्या."

परवा लाईट गेली.
बॅटरी मी थेट धरली नाही.
चुन्याच्या भिंतीवर मारली, भिंतीवरनं तिच्याकडं.
मोतीबिंदू काढलेल्या उजव्या डोळ्यात
कणी आली, जराशी खाली.
मी मनगट हलवलं.

"भितीवर काय मारताय बॅटरी?
हितं भाकरी करपाय लागलीया."