निळ्या मण्याचा भाव

मणी मेहरुन्निसा वळते, मी ओवतो.
काच तिची, आच तिची, डोळ्यांची आगही तिची.
माझा फक्त रेशमाचा दोरा
आणि वही.
पटवेकऱ्याचा हात गाठीला चुकत नाही, ती म्हणते,
बेरजेला चुकतो.

उदगीरला चौबाऱ्यामागच्या गाळ्यात
दरसाल ती एक्केचाळीस निळे मणी करते.
प्रत्येकाच्या पोटात एक लाल शीर,
केसाएवढी, जराशी वाकडी.
तिचा भाऊ हमीद आठवड्यातून दोनदा
रक्त धुवायला लातूरला जायचा.
मशीन फुकट होती.
एसटी फुकट नव्हती.

म्हणून भाव असा बसला:
दोनदा लातूर, जाऊन-येऊन, वर अर्धा चहा.
सगळा पैसा तिकिटांचा, आपला त्यात छदाम नाही.
गॅसचे तरी धर, मी म्हटलं.
तिने चहा फुल केला.

घेणारी हौशी माणसं लांबलांबची.
पुण्याच्या शर्वाणीबाई, बडोद्याचे एक दातांचे डॉक्टर.
गळ्यात घालत नाहीत ते मणी,
मखमलीच्या खणात निजवतात, नंबर टाकून.
माणशी एकच, असा नियम केला
तर एका पत्त्यावर सात आडनावं आली.
सातही पुड्या मीच बांधल्या.

मग भाच्याने मोबाइल दाखवला.
एकोणीस नंबरचा मणी, अकरा हजार.
मी वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला:
अकरा हजारांत लातूर किती वेळा?
आकडा येईना.
दर ओळीखाली हमीद उभा, हातात पिशवी,
गाडी लागली का, विचारत.

भाव वाढव, मी म्हटलं. बोली लाव.
ती सळईवरची राख खरवडत राहिली.
"वाढवला तर तो त्यांच्याच खणाचा होऊन बसेल," म्हणाली,
"उतरवला तरी तेच नेतील. आता वाटच बदलायची."

यंदा एक्केचाळीसही मणी तिने
दहा रुपयेवाल्यांच्या पोत्यात ओतले,
कोपरापर्यंत हात घालून ढवळले,
आणि आठवडी बाजारात, म्हशींच्या कंड्यांशेजारी, आम्ही बसलो.
पुढ्यात बिस्किटांचा डबा:
निळा लागला तर लातूरच्या तिकिटाला जमेल ते टाका.
संध्याकाळी डब्यात तीनशे बारा रुपये,
एक फाटकी नोट, एक सुपारी.
मी तिच्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्या बाजारी शर्वाणीबाई गाडी करून आल्या.
मणी त्यांना दिसला
झिमाबाई राठोडच्या शेळीच्या गळ्यात.
पाच हजार म्हणाल्या.
"शेळी इकायची न्हाई."
शेळी नको, मणी.
झिमाबाईने शेळी जवळ ओढली.
"मण्याला पाच हजार? बाई, कायतर खोट हाय ह्यात.
देत न्हाई, जा."

मग बाई आमच्या पोत्याशी बसल्या,
पदर खोचून, चष्मा कपाळावर,
दोन तास मुठी भरभरून उन्हाकडे धरत.
आसपासच्या पोरी जमल्या, त्याही शोधू लागल्या,
कुणासाठी, ते कुणीच विचारलं नाही.
निळा लागला नाही. लाल-पिवळे घेतले,
दहाच्या भावाने, मोजून सहा.
डब्यात काय टाकलं ते मला ठाऊक नाही;
मेहरुन्निसाने वही माझ्या हातातून काढून घेतली होती.

सोमवारी सव्वासहाच्या लातूर गाडीत
पाचजण चढले. मागच्या साली नऊ असायचे.
चौघांचं काय, हे मी तिला विचारलेलं नाही.
तिने दुसरं पोतं भरायला घेतलंय.

पहिल्याच्या तळाशी अजून एक निळा असावा.
चाळीस गेले, मी मोजलेत.
का चाळीसच केले होते?