कारखान्यातून निघाली तशी

रंग रानहिरवा. एक्कावन्न सालच्या पुस्तिकेत तसं छापलंय,
आणि हल्ली मी पुस्तिकेचा शब्द खाली पडू देत नाही.
गावाचं नाव प्राग, पण हे नेब्रास्कातलं:
किल्ला नाही, नावाजलेला पूल नाही,
तीनशे माणसं, धान्याचा एक उंच मनोरा
आणि माझ्या शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवलेली
बाबांची शेवरोले, अर्ध्या टनाची,
चाकं काढून, तीन हिवाळे.

पहिल्या हिवाळ्यात नुसतं खरवडलं.
वरचा निळा, कोठार रंगवून उरलेला;
त्याखाली लाल, कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा;
त्याखाली तो हिरवा, नखाएवढा,
दाराच्या बिजागरीमागे, कधीच ऊन न लागलेला.
डाव्या दारातला खळगा डोरिसचा. डोरिस म्हणजे गाय.
आतून लाकडी हातोडीनं ठोकत ठोकत
तिची लाथ मी परत घेतली.

खरेपणाचे नियम विचित्र असतात.
चेसिसला काळा रंग द्यायचा, पण फार नीट द्यायचा नाही.
ओघळ हवेत. तिथं पाळी सुटत आलेली असायची,
पुढची गाडी रांगेत उभी.
म्हणून मी, सहासष्ट वर्षांचा,
ज्यानं एका ओघळापायी बापाची थप्पड खाल्लीय,
ब्रश टेकवून बसतो
थेंब खाली उतरायची वाट बघत.

इंजिनामागच्या पत्र्यावर कुणा तपासनिसाचा
मेणखडूनं काढलेला सात सापडला, शेपूट तुटलेला.
फोटो काढून ठेवला. पत्रा रंगवला.
मग दोन दिवस वहीत सात गिरवले, पहिलीतल्या पोरासारखे.
त्याची घाई काही हाताला आली नाही.
मला कुठं जायचं होतं?

सीटखाली निघालं ते कॉफीच्या डब्यात भरलं:
गव्हाचे दाणे, कुंपणाचा खिळा, आईची केसातली पिन.
व्लास्ता डबा हलवून म्हणाली,
"हे कुठल्या पानावर आहे रे, तुझ्या पुस्तिकेत?"
बहीण आहे. तिला उत्तर द्यावं लागत नाही.
पण रात्री वाटलं, ज्या सकाळकडे मी ही गाडी ढकलत नेतोय
त्या सकाळी मी नाही, ती नाही, ल्युमिर नाही,
आईनं अजून बाबांना पाहिलेलंसुद्धा नाही.

मग वायपर.
कारखान्यानं एकच दिला होता, ड्रायव्हरपुरता.
शेजारच्यानं पावसात काय बघावं
हे कुणाच्या नकाशात नव्हतं.
दुसरा बाबांनी बसवला, लग्नानंतरच्या गारपिटीत,
आई म्हणाली होती, पीक गेलं तर मला माझ्या डोळ्यांनी दिसू दे.
तो मी काढला.
भोकाला रबरी बूच लावलं. अस्सल. सव्वाचार डॉलर.

लिंकनच्या प्रदर्शनात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव.
डेलबर्ट ओक्स म्हणून परीक्षक, गुडघ्यांवर, हातात बॅटरी,
खालून म्हणाला, "ओघळ जरा जास्तच मन लावून काढलेत."
दोन गुण त्याचे गेले.

परतताना वाहूच्या अलीकडे पाऊस लागला.
माझा वायपर चढावर दमायचा, उतारावर धावायचा.
व्लास्ताच्या बाजूची काच नुसती वाहत होती.
थोडा वेळ ती गप्प बसली. मग म्हणाली,
"बरं, आता तूच सांग काय दिसतंय."
मका, म्हणालो.
"आणि?"
अजून मका. पोपेलांचं गेट. उघडंच टाकलंय.
"आणि उजवीकडे?"
उजवीकडे ल्युमिरचं घर.
वाटणीनंतर अकरा वर्षं
ते घर येताना आम्ही दोघं रेडिओशी खेळत असू.
या गाडीला रेडिओ नाही. तोही वरून लावलेला होता.
"दिवा आहे का?"
आहे, म्हणालो. स्वयंपाकघरात.
"कोण आहे?"
मी मान वळवून त्या वाहत्या काचेतून बघू लागलो.
"समोर बघ," ती म्हणाली,
आणि पाय माझ्याआधी तिनंच दाबला,
तिच्या बाजूला ब्रेक नसताना.