राज्य

क्रेग इन्व्हर्नेसला गेला. नवी नोकरी, नवी बायको.
जाताना वॉकीटॉकी माझ्या हातात कोंबून म्हणाला,
आता तू बघ.

केटरिंगबाहेरचं हे रान. रविवार, सकाळचे नऊ.
बर्चची झाडं, गुडघाभर नेचे, आणि खाली चिखलात
वर्षानुवर्षं सांडलेल्या प्लास्टिकच्या पांढऱ्या गोळ्या,
कुणी साबुदाणा भिजत घालून विसरून गेल्यासारख्या.

क्रेगचं बरं होतं. क्रेग ओरडायचा.
नायजेल, डावीकडे! केझाया, खाली, अजून खाली!
आणि बत्तीस वर्षं बस चालवलेला नायजेल
शाळकरी पोरासारखा डावीकडे पळायचा.
पहिल्या रविवारी मीही ओरडून पाहिलं.
आवाज चिरकला.
इंग्रजीत मला अजून नीट रागावता येत नाही.
शब्द येतात, पण येताना बोटाला धरून
‘प्लीज’ला घेऊन येतात.

मग म्हटलं, विचारून करू. लोकशाही.
पडलेल्या ओंडक्याआड सहा जण दाटीवाटीने बसलो.
पुलावरून जायचं, की खंदकातून?
टोमाश म्हणाला पूल. त्याचा मेहुणा म्हणाला, टोमाश म्हणेल ते.
केझाया म्हणाली खंदक, पण इतकी हळू
की तिला दोनदा विचारावं लागलं.
नायजेलला आधी नकाशा बघायचा होता.
बरं, हात वर करा, म्हटलं मी, आणि तेवढ्यात
टप् टप् टप् टप् टप्
मतदान एकमताने पार पडलं.
सहाही हात वर होते.

त्या रात्री भांडी विसळताना आठवलं,
इचलकरंजीच्या आमच्या गल्लीत पुढारी कुणीच नव्हतं.
राज्य असायचं.
ते घ्यायला कुणी पुढे येत नसे, ते येई. अंगावर येई.
ज्याच्यावर आलं त्याने भिंतीला कपाळ लावून
डोळे मिटायचे, आणि बाकीचे पसार.
राज्य म्हणजे सगळे मजेत आणि आपण एकटे.
हे केटरिंगात कुणाला समजावून सांगू?

आज झेंडा चाळीस पावलांवर होता.
आणि बाहीला काहीतरी लागलं.
टिचकीएवढं.
गोळी असेल. काटकीही असेल.
या खेळात रंग उडत नाही, डाग पडत नाही,
पंच झाडामागे चहा पीत असतो.
लागलं की ज्याचं त्याने सांगायचं.
कुणी पाहिलं नव्हतं.
मी हात वर केला. हिट.

डोक्यावर लाल फडकं टाकून परत निघाले.
मेलेल्याने बोलायचं नसतं, हा नियम.
नायजेलने डोळ्यांनी विचारलं, मग आता?
मी बुटांकडे पाहत पुढे गेले.
खिशात वॉकीटॉकी खरखरत राहिली,
कप्तान? कप्तान?
मग बराच वेळ नुसती खरखर,
आणि मग केझाया, स्पष्ट,
मी खंदकातून निघालेय. या.

तो खंदक मी कधीच निवडला नसता.
कमरेइतकं पाणी होतं त्यात.
शिट्टी झाली तेव्हा ते झेंड्यापासून
अकरा पावलं लांब होते.
टोमाशने मोजली, परतताना. दोनदा.

गाडीतळावर कुणी फारसं बोललं नाही.
नायजेलने बूट उलटा करून पाणी ओतलं.
काटकी असेल ती, म्हणाला.
असेल, म्हटलं.
केझायाचे दात वाजत होते आणि ती हसत होती.
तेवढ्यात पुढच्या महिन्याची यादी घेऊन मार्शल आला,
संघ, माणसं, कप्तानाचं नाव,
आणि मी हळूच गाडीच्या पलीकडे सरकले,
नाडी बांधायची होती म्हणून.

वाकले होते. मागून पाठीत
एक ओला, जड पंजा पडला.
पुढच्या रविवारी, नऊ वाजता ना, कप्तान?

धप्पा.

नायजेलला हा शब्द ठाऊक असायचं कारण नाही.
मी उठले. गाडीच्या गार काचेला कपाळ टेकलं,
डोळे मिटले.
दहा, वीस, तीस