सुटा भाग यायचा आहे

टोलेडो शहरातल्या एकोणीस सरकारी शाळांची
झेरॉक्स मशिनं माझ्या अंगावर आहेत.
मी वेन्डेल कुबियाक. नखांतली शाई
आता तुझ्यासोबतच जाणार, असं बायको म्हणते.

मशीन उघडलं की शाळा कळते.
आत अडकलेला कागद मी चिमट्यानं ओढतो,
चुरगळलेला, अजून कोमट:
रिकाम्या जागा भरा. योग्य पर्यायाला गोल करा.
नाव. तारीख.
काउंटरवर आकडा नऊ लाख बारा हजार.
माझा धाकटा थॅडियसही असाच भरत बसायचा
जेवणाच्या टेबलावर, ओठ घट्ट मिटून,
आणि मी म्हणायचो, आटप, मग टीव्ही लाव.

फेब्रुवारीत नदीपलीकडच्या शाळेत ड्रम गेला.
ऑफिसातली बाई कपाळाला हात लावून बसली.
चौथीच्या वर्गात मिस ट्रिप्लेट
रिकाम्या हातांनी शिरल्या, जरा घुटमळल्या,
मग त्यांचं लक्ष खिडकीखाली गेलं.
रेडिएटर गळतोय. खाली बादली.

"किती वेळात भरेल?"

एवढंच. मी दारात, हातात पाना.
एक म्हणाला, कधीच नाही.
एक म्हणाली, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
डोक्यावरची टोपी नाकापर्यंत ओढून बसलेला डेमेट्रिस
उठला, फरशीवर पालथा पडला,
बादलीला कान लावून थेंब मोजू लागला.
यारेलीनं दुधाचा रिकामा खोका धुऊन आणला,
याच्यात मापू म्हणाली.
मग भांडण. खरंखुरं, हमरीतुमरीवर आलेलं:
सगळे थेंब सारखेच असतात का?
बाई म्हणाल्या, "मला नाही माहीत."
वर्ग एकदम गप्प झाला,
घरघरणारं मशीन मध्येच बंद पडल्यावर
खोली होते तसा.
तेवढ्यात कुणीतरी घड्याळ मागितलं.

मी तिथं वीस मिनिटं उभा होतो.
कंपनी त्याचे पैसे देत नाही.

गुरुवारी ड्रम आला.
गाडीत, मागच्या सीटवर, खोक्यात पडून होता.
पावतीवर मी लिहिलं: सुटा भाग यायचा आहे.
शुक्रवारीही तेच लिहिलं,
अक्षर जरा वाकडं आलं.
सोमवारी साहेबाचा फोन. मलाही पोट आहे.
ड्रम बसवला, बटण दाबलं,
पहिला कागद सर्रकन बाहेर. नाव. तारीख.
दोनशे प्रती निघेपर्यंत मी उभा राहिलो,
तसा नियमच आहे.

जाताना चौथीत डोकावलो.
पोरं माना खाली घालून लिहीत होती.
रेडिएटर प्लंबरनं नीट करून दिला होता.
तोही बिचारा आपलं काम करून गेला असणार.
बादली मात्र तिथंच, कोरडी ठणठणीत.
आतून मार्करच्या रेघा, प्रत्येकीपुढे वार, वेळ,
एक खोडलेली, तिच्यावर दुसरी.
सगळ्यात वरच्या रेघेशी लिहिलंय:
'इथवर बुधवारी. डेमेट्रिस म्हणतो.'
ती रेघ ओली झालीच नाही.
तिच्या वर काठापर्यंत
अजून चार बोटं जागा.