पाठ केलेला नंबर

अस्माराला जायच्या आधी तीन रात्री
मी फोनला सगळं शिकवत बसले:
नकाशे, तिग्रिन्याचे चाळीस शब्द,
मुक्कामाच्या दाराचा फोटो.
मग कुणीसं सांगितलं, पाहुण्याला सिम मिळायचं नाही,
कार्डं घरीच ठेव,
नोटा ने कोऱ्या, घडी न पडलेल्या.

म्हणून वही आणली. दोनशे पानी, रेघांची.
पहिल्या पानावर बहिणीचा नंबर लिहायला गेले
आणि पेन थांबलं.
मला येत होता फक्त एक, सहा आकडी,
कधीच काढून टाकलेल्या लँडलाइनचा.

शहर उंचावर. दुसऱ्या मजल्यावर धाप लागते.
परवान्याच्या खिडकीतली बाई विचारते,
कुठे, किती दिवस, कशाने?
केरेन. दोन. बसने.
शिक्का मारून म्हणते, झेरॉक्स काढ, पाच तरी,
नाक्यावर ठेवून घेतात.
मी सहा काढल्या. आगाऊ शहाणपणाची एक.

बसमध्ये शेजारी लेतेब्रहान,
निवृत्त नर्स; मांडीवर
तेलाच्या डब्यापासून ठोकून केलेली नवी शेगडी.
माझा हातनकाशा बघून ती इतकी हसली
की पुढच्या बाकावरचा म्हाताराही वळला.
ही नदी, म्हणाली, आठ महिने कागदावरच वाहते.
पेन मागून घेतलं, नदीशेजारी एक उंबर काढला:
इथे उतर. पुढे गेलीस तर उन्हात तंगडतोड.

नाक्यावरचा शिपाई फार तर एकोणीसचा.
ओठ हलवत माझं नाव वाचलं,
एक कागद ठेवून घेतला.

बस सुटल्यावर तिने विचारलं,
वहीत किती नंबर?
अकरा.
पाठ?
मी खिडकीबाहेर बघितलं.

लिहिलेलं भिजतं, ती म्हणाली,
आणि मला एकच शिकवला, मुलाचा, मेरहावीचा, स्वीडनमधला.
आकड्याला एक बोट दुमडत,
चुकले की पुन्हा पहिल्यापासून.
इथून फोन लागतो गं, पण अर्धी मिनिटं
'ऐकू येतंय का'मध्येच जातात.
तू निवांत सांग. पत्रे बदलले म्हणावं.
आणि गुडघा बरा आहे.

उंबराखाली उतरताना
मीच तिला काखेत धरून उतरवलं,
शेगडी कंडक्टरने दिली.

रात्री केरेनला वीज गेली तेव्हा
मी तो नंबर मराठीत घोळवला,
जोडी-जोडीने, पाढ्यासारखा,
एकूणपन्नास की एकोणसाठ, तिथे दर वेळी अडखळत.

परतताना कैरोच्या विमानतळावर फोन जागा झाला.
तीनशे चौदा निरोप, एकामागून एक, थरथरत.
ते तसेच ठेवले.
वही बॅगेतच होती.
तिसऱ्या घंटीला कुणी उचललं,
मला न कळणाऱ्या भाषेत काही विचारलं.

मी इंग्रजीत म्हटलं, मेरहावी?
घरचे पत्रे बदलले.

मग गुडघ्यापाशी अडले.