सतरा नंबरचा आलेख

माटुंग्याच्या कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत
पत्र्याची चार खोकी होती आणि उंदीर अठरा.
पांढरे. शेपटीवर शाईने नंबर,
दर सोमवारी पुन्हा गिरवायचा.
ते काम बस्त्यावमामांचं.

परदेशी गोळ्या संपल्या तेव्हा मामांनीच
मनोरीहून सुका जवळा आणला, कुटला,
कणकेत मळला, गूळ घातला,
मुगाएवढ्या गोळ्या वळून गच्चीवर वाळवल्या.
पेंढारकर बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या,
"उंदरांना चालतंय ना? मग प्रश्न मिटला."

उंदरांना चालत होतं.
पहिले दोन दिवस नुसतं हुंगणं.
मग कधीतरी, कोपरा चाचपताना,
सतरा नंबरचा पंजा दांडीवर पडला : खट्.
गोळी.
त्यानं दांडीकडे पाहिलंच नाही. छताकडे पाहिलं.
सातव्यांदा मात्र त्याला कळलं, असं मी वहीत लिहिलं,
आणि बाईंनी 'कळलं' खोडून
'प्रतिसाद दृढ झाला' केलं.

आधी प्रत्येक दाबाला गोळी. मग पाचाला एक.
मग नेमच नाही : तिसऱ्याला, चाळिसाव्याला, लगेच पुढच्याला.
ज्याला नेम असतो तो जरा वेळ बसतो तरी.
सतरा नंबर बसेना.
मिशांना जवळ्याची भुकटी,
आणि ड्रमवरच्या कागदावर पेन चढतंय
कड्यासारखं, उभं.

मग विलोपन.
म्हणजे मी एक वायर काढली.

मामा झाडू घेऊन दारात थांबायचे. मोजायचे नाहीत, ऐकायचे.
खट् खट् खट्. मध्येच काही नाही. खट्.
वर ऑफिसात फोन वाजला
की झाडू टाकून जिना चढायचे.
मुलगा जहाजावर होता. कधी आठवड्यात दोनदा फोन,
कधी गणपतीपासून नाताळपर्यंत नाही.
बहुतेक वेळा कुणीतरी फीची तारीख विचारत असायचं.
सात वाजले तरी मामा हलत नसत,
पुसलेली फरशी पुन्हा पुसत.

अकराव्या संध्याकाळी पेन आडवं झालं.
सतरा नंबर कोपऱ्यात, दांडीकडे पाठ करून.
मी चहाला गेले, आले,
तर कागदावर पुन्हा कडा.
मामांच्या बोटांना गूळ.
"एकच टाकली गो," म्हणाले, "बघवला नाय."

त्या एका गोळीवर
सतरा नंबरनं नऊशे बारा वेळा दांडी दाबली.
पाच दिवस. मी मोजलं.
मामांना सांगितलं नाही.

"हा उंचवटा कसला?" बाईंनी विचारलं.
मी म्हटलं, रस्त्यावर खोदकाम चालू होतं,
आवाजानं बिथरला असेल.
बाईंनी आलेखावरून बोट फिरवलं, हुंगलं,
आणि रुमालाला पुसलं.

प्रबंध कपाटात आहे, पान एकशे चार.
मी पुढे बँकेत लागले, उंदरांशी संबंध उरला नाही.
दाखला घ्यायला गेले त्या दुपारी
कॉलेजला सुट्टी होती, ऑफिसला कुलूप.
मामा खालच्या पायरीवर बसून
माझ्या लग्नाचं वगैरे विचारत होते.
बोलता बोलता थांबले.
वर काहीच वाजलं नव्हतं.
उठले, आणि चार पायऱ्या चढले.