सतरावा खोका

हेम्झाचे खोके गाडीवाल्याने जिन्याखाली उतरवले
आणि पावतीवर सही मागितली.
बुटांचे सतरा खोके, सुतळीने बांधलेले.
ब्रनोच्या ग्रंथालयात अशा ऐवजाला रकाना नाही.
मी लिहिलं : शब्द, सुटे.

व्रातिस्लाव हेम्झा. विणकराचा मुलगा.
मंगोल शिकला एका परागंदा लामाकडून,
फी म्हणून त्याचा कोळसा चौथ्या मजल्यावर वाहून.
मग तिबेटी. मग मांचू,
जी बोलायला फारसं कुणी उरलं नव्हतं,
तर हा रोज सकाळी आरशात
स्वतःलाच तिच्यात विचारायचा, झोप लागली का.

घोड्यांच्या रंगांचा एक अख्खा खोका :
कुमाईत, अबलख, सब्जा,
आणि एक रंग, ज्याच्यापुढे शिसपेन्सिलीने
‘विचारलं. हसले. पुन्हा विचारणे.’

मग खात्याला माणूस हवा झाला
ज्याला उलानबातरमध्ये दुभाष्या लागणार नाही.
कोट शिवून दिला.
निघताना म्हणाला, ‘ल’पर्यंत आलोय,
दोन वर्षांनी पुढचं.
एकोणीस वर्षं.

एकाहत्तरच्या शरदात
नदीकाठी कातडी कमावण्याचा कारखाना ठरला.
करार टाइप होऊन तयार.
पशुपालकांचा मुखिया दाश्झेवेग
बराच वेळ चिलीम कोरत बसला,
मग म्हणाला, झुगेर.

झुगेर. म्हणजे छान आहे.
म्हणजे काही नाही. म्हणजे उगीच.
म्हणजे फुकट. म्हणजे राहू द्या.
म्हणजे घरात कुणी नुसतं ‘बरं’ म्हणतं
आणि उठून भांडी घासायला लागतं, तसं.

हेम्झाला सगळे ठाऊक होते;
‘झ’ तर त्याने केव्हाच हातावेगळा केला होता.
पण तारेत एकाच अर्थापुरती जागा.
त्याने कळवलं : हरकत नाही.

बूट चांगले निघाले. माझ्या वडिलांच्या पायात होते,
आठ हिवाळे. तळ बदलून आणखी तीन.
तिकडे तिसऱ्या वर्षी
मेंढ्या नदीला तोंड लावीनात,
आणि दाश्झेवेगची माणसं तंबू मोडून
उत्तरेला गेली.

हेम्झा गेला शोधत, सरकारी जीपने, मग घोड्यावरून.
म्हातारा ओळखून होता. आत घेतलं.
याने विचारलं, त्या दिवशी तुम्ही
नक्की काय म्हणाला होतात?

हे सगळं मला सतराव्या खोक्यात सापडलं.
सतराव्यात एकच शब्द आहे, चारशेअकरा चिठ्ठ्यांवर.
विमानतळावरची नर्स, पडलेलं पोर,
पत्त्यांत हरलेला ड्रायव्हर, विधवा, मंत्री,
कोण म्हणालं, कुठे, हवा कशी होती.
अर्थाचा रकाना कोरा. सगळ्यांवर.

सर्वांत खालच्या चिठ्ठीवर
चहाचा वाळलेला डाग आणि त्याचं बारीक अक्षर :
‘दाश्झेवेग. दुसऱ्यांदा.
वाटी भरताना, माझ्याकडे न बघता.’

मी सुतळी परत बांधली.
खोक्याच्या बाजूला अजून वाचता येतं :
पुरुषांचे, तपकिरी, नंबर त्रेचाळीस.